टीम नंबर अकराचं आडनाव

"मॅडम, आपली टीम डिस्क्वालिफाय झाली."

आमच्या टीममधल्या रोहनने हे मला अंधेरीच्या त्या कॉलेजच्या जिन्यातच सांगितलं. माझ्या हातात चहाचा कप होता. सेमीफायनल जेमतेम संपली होती आणि निकाल लागायचा होता. निकालाआधीच टीम बाद कशी होते?

"कशासाठी?"

"आयडेंटिटी डिस्क्लोझर."

"तू बोललास?"

"मी नाही. मनाली." मग घाईघाईने म्हणाला, "पण तिची चूक नाही, मॅडम. खरंच नाही."

वकिली न शिकलेल्यांसाठी थोडं थांबून सांगते. मी मुलुंडच्या एका लॉ कॉलेजात शिकवते. लॉ कॉलेजांमध्ये मूट कोर्ट नावाची स्पर्धा असते. मूट म्हणजे लुटुपुटूचं कोर्ट. केस काल्पनिक, वकील म्हणजे विद्यार्थी. न्यायाधीशांच्या खुर्चीत मात्र कोर्टात प्रॅक्टिस करणारे खरे वकील, पाहुणे म्हणून बोलावलेले असतात. कोणी कुठली बाजू मांडायची हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. तुमचं मत काय, तुम्हाला कोणाबद्दल सहानुभूती आहे, याला तिथे काडीची किंमत नाही. चिठ्ठीत सरकार आलं की सरकारची बाजू, वस्ती आली की वस्तीची.

आणि एक नियम फार कडक असतो. टीमला फक्त नंबर मिळतो. आपलं नाव किंवा कॉलेज न्यायाधीशांसमोर सांगायचं नाही. शर्टावर बॅज नाही, फाइलवर लोगो नाही. आम्हा कोचना तर आत बसायलाही बंदी, कारण आमच्या तोंडावरून कॉलेज ओळखू येतं. मोठ्या कॉलेजच्या नावाने न्यायाधीश भारावू नयेत आणि आमच्यासारख्या उपनगरातल्या कॉलेजच्या नावाने त्यांनी नाक मुरडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. न्यायाधीशांच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधण्याऐवजी आपण नाव झाकतो. नियम चांगला आहे. मी स्वतः तो मुलांना पहिल्या दिवशी बजावते.

म्हणून मला कळेना. मनाली ही काही गडबडून नाव सांगून बसणारी मुलगी नव्हे. माहुलला राहते. वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, आई दवाखान्यात नर्स. घरात वकील सोडाच, वकिलाची ओळखही नाही. त्या वर्षीचा मूट प्रॉब्लेम, म्हणजे काल्पनिक केस, अशी होती की एका शहरातली नाल्याकाठची वस्ती उठवून लोकांना कारखान्यांशेजारच्या इमारतींत हलवलंय आणि लोक म्हणतायत इथली हवा खाऊन आम्ही जगायचं कसं. मनालीच्या घरच्या खिडकीतून रिफायनरीच्या टाक्या दिसतात. आणि चिठ्ठीत तिला बाजू आली सरकारची! मी म्हटलं, जड जाईल का गं? तर म्हणाली, "उलट बरंय ना मॅडम. समोरचे काय बोलणार ते मला घरबसल्या पाठ आहे."

अशी मुलगी. ती तळमजल्यावरच्या बाकावर बसली होती, कोट मांडीवर घडी करून. रडत नव्हती. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"काय झालं ते पहिल्यापासून सांग," मी म्हटलं.

तिने सांगितलं ते असं. ती उभी राहिली, नेहमीची सुरुवात केली. बेंचवर मधल्या खुर्चीत एक ज्येष्ठ वकील होते. सगळे त्यांना सर म्हणत होते, मीही इथे सरच म्हणते. शेजारी त्यांचाच एक जुना ज्युनिअर होता, तो काय बोलणार? सरांनी तिला पहिल्याच वाक्यावर अडवलं.

"नाव काय?"

"माय लॉर्ड, टीम नंबर अकरा, पहिली वक्ता."

"ते कळलं गं. नाव?"

"माय लॉर्ड, स्पर्धेच्या नियमांनुसार मी..."

"कोर्टात जजने विचारलं की उत्तर द्यायचं असतं. शिकवलं नाही का कुणी?"

"मनाली, माय लॉर्ड."

"फक्त मनाली? पुढे?"

तिच्या समोर दोनच रस्ते होते. नाव सांगितलं तर नियम मोडतो. नाही सांगितलं तर बेंचचा अवमान, आणि बेंचशी वागणूक या रकान्याला मार्क असतात. सरांनी टेबलावर पेन आपटलं. तिने आडनाव सांगितलं.

"अच्छा," सर म्हणाले. मग मूळ गाव कुठलं ते विचारलं. मग राहतेस कुठे. माहुल म्हटल्यावर हसले. "म्हणजे तुझाच विषय आहे की! मग सरकारची बाजू कशी मांडणार तू?"

मनालीने बाजू मांडली. पण त्यानंतर त्यांनी तिला कायद्याचा एकही प्रश्न विचारला नाही. हे सामान्य वाचकाला किरकोळ वाटेल. मूटमध्ये प्रश्न हेच सगळं असतं. भाषण कुणीही पाठ करतं. न्यायाधीश आडवे प्रश्न विचारतात आणि तुम्ही त्यातून वाट काढता, त्यावर स्पर्धा जिंकली जाते. प्रश्नच नाही म्हणजे परीक्षकाने पेपरच द्यायचा नाही आणि मग नापास करायचं. आणि शेवटी घड्याळ घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याने, त्याला कोर्ट मास्टर म्हणतात, इमानेइतबारे रिपोर्ट दिला: टीम अकराने ओळख उघड केली.

"मॅडम, जाऊ दे ना," मनाली म्हणाली. "राडा नको. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्रास होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही. त्या वयात तिला 'जाऊ दे' म्हणता येत होतं, इतकं सफाईदारपणे, यावर.

कारण मला ते प्रश्न पाठ आहेत. त्यांची क्रमवारीसुद्धा. पुढे? गाव कुठलं? गावात घर कुठल्या बाजूला? माझे वडील हिंगोलीकडून आले, कांदिवलीला बस डेपोत मेकॅनिक होते. मी इतिहासात एम. ए. केलं आणि घाटकोपरच्या एका कॉलेजात मुलाखतीला गेले. कमिटीने मला मराठेशाहीवर एक प्रश्न विचारला आणि माझ्यावर चार. ती नोकरी मिळाली नाही. नंतर दुसरीकडे सकाळी इतिहास शिकवला आणि संध्याकाळी लॉ केलं. कायदा शिकले ते वकिली करायला नव्हे. प्रश्न कुठला विचारायचा आणि कुठला नाही हे निदान कोर्टात तरी ठरलेलं असतं, या भाबड्या समजुतीने शिकले. आता मी लॉ कॉलेजात कायद्याचा इतिहास आणि संविधान, दोन्ही शिकवते. लीगल हिस्टरीच्या तासाला मुलं पेंगतात. पण एक गोष्ट सांगितली की जागी होतात. इंग्रजी अमलातल्या कोर्टात साक्षीदार उभा राहिला की साक्षीच्या आधी काय लिहून घेत? नाव, बापाचं नाव, जात, धंदा, वय. खून पाहिलास का, हे त्यानंतर.

कप तिथेच ठेवला आणि मिलिंदला गाठलं. मिलिंद स्पर्धेचा कन्व्हेनर, म्हणजे सगळं जमवून आणणारा प्राध्यापक. आम्ही पूर्वी एकाच स्टाफरूममध्ये होतो.

"मिलिंद, हे काय लावलंय?"

"अगं वैशाली, माझ्या हातात नाहीये. रूल इज रूल. क्लॉज बघ."

"क्लॉज मला नको दाखवू. तो मी तुझ्या आधीपासून शिकवतेय. नाव तिने सांगितलं की तुझ्या जजने काढून घेतलं?"

"टेक्निकली तिने सांगितलं ना."

"टेक्निकली! उद्या पोलिसांनी हात पिरगाळून सही घेतली तर ती पण टेक्निकली सहीच का रे?"

"हळू बोल यार, लोक बघतायत. एक काम कर, लेखी दे. आपण कमिटीपुढे ठेवू."

"फायनल किती वाजता आहे?"

"लंचनंतर."

"आणि कमिटी?"

तो हातातले कागद चाळू लागला.

"मग लेखी नंतर देते. आत्ता तोंडी ऐक. कमिटीत कोण आहे?"

"प्राचार्य मॅडम, मी आणि..." त्याने आवाज खाली आणला. "सर."

ऐका! ज्यांच्या प्रश्नामुळे टीम बाद झाली तेच सर टीमचं अपील ऐकणार. आपल्याच भांडणात आपण पंच नसावं, हे गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना कळतं. कायद्यात त्याला भारदस्त लॅटिन नाव आहे आणि त्या नावाला मार्क आहेत. ते सांगणारी सगळी मोठी माणसं प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये बसून पनीर जेवत होती.

मी मनालीला घेऊन आत गेले. प्राचार्य मॅडम सभ्य बाई आहेत. म्हणाल्या, बसा, जेवणार का? मी म्हटलं, निकाल लागल्यावर जेवू.

मी उभ्यानेच बोलले. कोर्टाच्या कृतीमुळे कुणाचं नुकसान होता कामा नये, हे तत्त्व आपण पहिल्या वर्षाला शिकवतो. कोर्टाने चुकीची तारीख दिली म्हणून पक्षकाराची केस बुडत नाही. इथे बेंचने स्वतः नियम मोडायला लावला, आणि शिक्षा तिला? दोनदा नाही म्हणाली ती. कोर्ट मास्टरला विचारा.

सरांनी नॅपकिनने तोंड पुसलं. "मॅडम, तुम्ही फार पर्सनली घेताय. मी सहज विचारलं. मुलांशी मी आपुलकीनेच बोलतो. नर्व्हस असतात बिचारी, जरा गाव वगैरे विचारलं की मोकळी होतात."

"सर, जुन्या कोर्टात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचे आणि कागदावर लिहून घ्यायचे. तो बंद करायला लोकांची आयुष्यं गेली. आता तोच सहज विचारतात, एवढाच फरक."

"तुम्ही मला काय म्हणताय ते कळतंय का तुम्हाला?" सरांचा आवाज चढला. "माझ्या घरी असलं काही नाही. माझ्या चेंबरला सगळ्या प्रकारचे ज्युनिअर आहेत."

सगळ्या प्रकारचे. हे शब्द ज्यांना ऐकावे लागतात त्यांनाच त्यांची चव कळते. मी काहीतरी बोलणार होते, आणि ते चांगलं झालं नसतं. तेवढ्यात मनाली म्हणाली, "मी एक विचारू का, सर?"

अगदी शांतपणे. जणू सेमीफायनल अजून चालू होती.

"विचार की."

"आमच्या समोरच्या टीम नंबर चारच्या वक्त्याला तुम्ही काहीच नाही विचारलंत. तो पण नर्व्हस होता. घाम पुसत होता."

"त्याला काय विचारायचं?" सर हसले. "त्याला मी एवढासा होता तेव्हापासून ओळखतो. त्याचे वडील आणि मी एकाच चेंबरला होतो."

प्राचार्य मॅडमनी चमचा ताटात ठेवला. मिलिंदने कपाळाला हात लावला. बोलून झाल्यावर सरांना काय बोललो ते कळलं, पण सुटलेला शब्द परत येत नाही, हे वकिलाला कोण सांगणार?

ज्यांना अजून उलगडलं नसेल त्यांच्यासाठी: अख्खा नियम कशासाठी होता? समोर कोण उभा आहे हे न्यायाधीशाला कळू नये म्हणून. आणि एकाचं नाव-गाव-घराणं सरांना आधीपासूनच ठाऊक होतं. तो नंबर चार त्यांच्यासाठी कधी नंबर नव्हताच. तो मुलगा बिचारा निर्दोष होता, त्याने ओळखीची खूणही दाखवली नव्हती. पण सरांनी ओळख पटताच उठून 'मी या राउंडला बसणार नाही' म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांना त्यात काही वावगंच वाटलं नाही. ओळखीचा होता म्हणून त्याला विचारायची गरज नव्हती, ओळखीची नव्हती म्हणून हिला सोडायची नव्हती.

"मिलिंद," मी म्हटलं, "वाच रे तुझा क्लॉज. मोठ्याने."

त्याने वाचला नाही. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "सर, राउंड परत घ्यावी लागेल. दुसऱ्या बेंचपुढे."

सर उठले. जाताना त्यांना बुके आणि स्मृतिचिन्ह दिलं गेलं, कारण ते आधीच आणून ठेवलं होतं. फोटोही निघाला.

आता तुम्हाला वाटेल, झकास, न्याय झाला. थांबा.

राउंड परत झाली ती जेवणाच्या सुट्टीत. नव्या बेंचवरच्या दोघांनी मनालीला प्रश्नांनी भाजून काढलं. हवा घातक आहे हे सरकारला माहीत होतं का? लोकांना दुसरा पर्याय दिला होता का? नसेल तर सरकारची बाजू तू कुठल्या तोंडाने मांडतेस? ती प्रत्येक प्रश्नाला वळसा न घालता भिडली. या वेळी दार उघडं होतं आणि मी पॅसेजमध्ये उभी होते. टीम अकरा जिंकली. टीम चारच्या त्या मुलाने येऊन तिच्याशी हात मिळवला आणि "सॉरी यार, मला बोलायला हवं होतं," म्हणाला. सरांपेक्षा त्याला जास्त कळत होतं.

मग लगेच फायनल. समोरची टीम जेवून, विश्रांती घेऊन, मुद्दे उजळून आली होती. आमची दोघं उपाशी, गळा बसलेला. रोहनने कुठून तरी बिस्किटांचा पुडा आणला, तो दोघांनी कॉरिडॉरमध्ये उभ्याने खाल्ला. फायनलला मनालीला एक सरळ प्रश्न आला, पुनर्वसनाच्या नोटिशीबद्दल. त्याचं उत्तर तिने एरवी झोपेतही दिलं असतं. ती अडकली. मी उघड्या दारातून तिच्याकडे पाहत होते, उत्तर तिला आठवत होतं आणि सापडत नव्हतं.

आम्ही हरलो. फायनलच्या बेस्ट स्पीकरला एका नामांकित वकीलबाईंच्या चेंबरला ज्युनिअर म्हणून जागा मिळणार होती. हे बक्षीस ढालीपेक्षा मोठं होतं. हायकोर्टात कोणाच्या तरी चेंबरला घुसणं हे ओळखीशिवाय किती कठीण असतं ते विचारू नका. सरांच्या मित्राच्या मुलाला ते स्पर्धेने दिलं नसतं तरी मिळालंच असतं. मनालीला फक्त स्पर्धाच देऊ शकत होती. ती जागा दुसऱ्या मुलीला गेली, आणि त्या दिवशी ती मुलगी खरंच चांगली बोलली होती. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही.

परतताना टॅक्सीत मी भडभडा बोलत होते. अपील करू, युनिव्हर्सिटीला कळवू, अमुक करू, तमुक करू. मनाली खिडकीबाहेर पाहत होती. पवई मागे पडल्यावर म्हणाली, "मॅडम, फायनलला मी हरले ना, ते मला आवडलं."

"काय आवडलं त्यात?"

"नोटिशीवर हरले. माझ्यावर नाही."

मी चिडलेलीच होते. अजूनही आहे. उपाशीपोटी दोन राउंड करायला लावून हरवलेल्या मुलीला हरण्यातसुद्धा समाधान मानावं लागतं, हे मला पटत नाही. चूक सुधारली, पण सुधारणेची किंमत पुन्हा तिनेच भरली.

आणि चूक कशी सुधारली तेही ऐका. पुढच्या वर्षी स्पर्धेची नवी नियमावली आली. मिलिंदने मुद्दाम फोन केला. "वैशाली, तुझ्या त्या केसमुळे क्लॉज बदललाय बरं का. खूश?"

मी उघडून पाहिलं. नवा नियम असा होता: न्यायाधीशांनी विचारल्यास स्पर्धकाने आपले नाव सांगण्यास नम्रपणे नकार द्यावा, अन्यथा टीम बाद होईल.

"मिलिंद, आणि न्यायाधीशांनी विचारू नये, हा नियम कुठंय?"

"अगं, जजना कसे नियम लावणार? गेस्ट असतात ते. चांगलं दिसतं का?"

म्हणजे नम्रपणे नकार कोणी द्यायचा, तर जिचे मार्क त्यांच्याच हातात आहेत त्या पोरीने. आणि विचारायची मुभा कुणाला, तर बुके मिळणाऱ्याला. त्या वर्षी आमच्या कॉलेजने टीम पाठवली नाही. मी कारण लिहून कळवलं. उत्तर आलं नाही.

मनालीला सनद मिळाली. वर्षभर ती या चेंबरमधून त्या चेंबरमध्ये हिंडली. प्रत्येक ठिकाणी 'पुढे?' आणि 'गाव?' ऐकून आली. शेवटी कुर्ल्याच्या कोर्टात एका वकिलांकडे लागली. भाडेकरूंची, चेक बाउन्सची, नवरा-बायकोची कामं. आता तिची स्वतःची माणसं तिला शोधत येतात.

यंदा आमच्या कॉलेजची टीम निवडायला आम्ही आतल्या आत मूट घेतलं. पहिल्या फेरीला माजी विद्यार्थ्यांना न्यायाधीश म्हणून बोलावतो. मी मनालीला बोलावलं आणि या वेळी हट्टाने मागच्या बाकावर जाऊन बसले. पहिलाच मुलगा उभा राहिला. पहिल्या वर्षाचा, कोट कोणाचा तरी उसना, बाह्या बोटांपर्यंत. नियम सांगूनही घाबरून विसरला.

"माय लेडी, माझं नाव..."

"नाव नको," मनाली म्हणाली. "मुद्दा सांग."

त्याने घसा साफ केला आणि मुद्दा सांगितला. कच्चा होता. मनालीने त्याला प्रश्नावर प्रश्न विचारून पार घामाघूम केलं. मी आयुष्यभर दोन विषय शिकवले, आणि दोन्हींचं मिळून एवढंच शिकवायचं होतं, असं मला त्या बाकावर बसून वाटलं.

जाता जाता एक. या सगळ्या हकिगतीत मी कुणाचंही आडनाव दिलेलं नाही. मनालीचं नाही, सरांचं नाही, माझंही नाही. वाचताना ते तुमच्या लक्षात आलं नसेल, तर फार उत्तम. आणि लक्षात येऊन तुम्ही अंदाज बांधत बसला असाल, तर मधली खुर्ची रिकामी आहे, बुकेही तयार आहे.